कडक भाकरी, शेंगा चटणी आणि स्पर्धेचे गणित

सोलापूरहून परतणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत चादर असेलच असे नाही. शेंगा चटणीचा पुडा मात्र हमखास असतो. सोबत कडक भाकरीची चवड असते, कागदात नीट बांधलेली, बसच्या धक्क्यांनी मोडू नये म्हणून मांडीवर घेतलेली. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर अशी देवदर्शनाची फेरी करणाऱ्यांना सोलापूर वाटेत लागते आणि ही गिऱ्हाइके दुकानदाराला जाहिरात न करता मिळतात. पुणे-हैदराबाद महामार्ग शहरातून जातो, विजयपूरची वाट इथूनच फुटते, मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावरचे हे मोठे स्थानक आहे. रोजच्या साध्या जेवणातले हे दोन पदार्थ आज कितीतरी घरांची चूल पेटवतात.

आता यात गुपित असे काहीच नाही. शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, मीठ, जिरे, चटणी झाली. ज्वारीचे पीठ, पाणी, मीठ, भाकरी झाली. पेटंट नाही, परदेशी तंत्रज्ञान नाही. पुण्यात, नागपुरात, बंगळुरात कोणीही उद्या सकाळी हा धंदा सुरू करू शकतो, आणि करतातही. तरीही एकाच गल्लीत एक घर वीस वर्षे चटणी विकते आणि शेजारचे दोन वर्षांत टाळे लावते. कृती तीच, दाणा त्याच बाजारातला. मग फरक कुठे पडतो?

प्रश्न एकट्या सोलापूरचा नाही. केंद्र सरकारने २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली, तेव्हा तिच्या मार्गदर्शक सूचनांत देशभरातील असंघटित प्रक्रिया उद्योगांची संख्या सुमारे २५ लाख दिली होती. त्यांतले जवळपास ८० टक्के घरच्यांनीच चालवलेले, ६६ टक्के खेड्यांत. अन्नप्रक्रिया क्षेत्रातला ७४ टक्के रोजगार याच असंघटित उद्योगांतून येतो. म्हणजे हे क्षेत्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बिस्किटांचे चकचकीत कारखाने येतात, पण त्यातली बहुतेक माणसे पापड लाटणारी, पीठ दळणारी, दाणे भाजणारी आहेत. त्यांची स्पर्धा मोठ्या कंपनीशी असते, तशीच किंवा त्याहून जास्त, त्याच नावाने हलका माल विकणाऱ्या शेजाऱ्याशी असते.

सोलापुरातल्या तीन मालांकडे क्रमाने पाहिले तर या स्पर्धेचे तीन वेगवेगळे चेहरे दिसतात. भाकरीत हाताचे मोल आहे, चटणीत सातत्याचे, आणि डाळिंब-द्राक्षांत भांडवलाचे.

भाकरी : यंत्र जिथे अडते

सोलापूर हा पर्जन्यछायेतला जिल्हा. इथल्या काळ्या, खोल जमिनीत परतीच्या पावसाची ओल धरून राहते आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी पिकते. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात ते यामुळेच. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘एम ३५-१’ हे वाण काढले गेले. आज जवळपास नव्वद वर्षांनंतरही शेतकरी ते पेरतात आणि गिऱ्हाईक नाव घेऊन मागते, हे शेतीसंशोधनात क्वचित घडते. टपोरा, मोत्यासारखा दाणा, पांढरीशुभ्र आणि गोडसर भाकरी, शिवाय जनावरांना कडबा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

या ज्वारीचा एक स्वभाव धंद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते, त्यामुळे कणीक ताणली जाते, लाटता येते आणि यंत्राला ती सहज मानवते. ज्वारीत ग्लुटेन नाही. आधणाच्या पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो, त्या चिकटपणावरच सगळा खेळ असतो. पीठ रगडून मळायचे, हाताने थापायचे, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचे, उलटायचे, शेकायचे. पीठ जुने झाले की विरी, म्हणजे हा चिकटपणा, जाते आणि थापतानाच कडा फाटतात. कडक भाकरी तर आणखी पातळ थापावी लागते, आणि भाजल्यावर मंद आचेवर ती पार कोरडी करावी लागते. ओलावा राहिला की बुरशी, जास्त तापली की करपट. दाबयंत्रे बाजारात आहेत, पण पातळपणा, कडा आणि खुसखुशीतपणा यांत सराईत हाताची बरोबरी करणे त्यांना अवघड जाते.

म्हणूनच मोठी कंपनी या धंद्यात सहजी उतरत नाही. चपातीचे कारखाने निघाले, ब्रेडचे निघाले. भाकरी अजून बायकांच्या हातात आहे. सोलापुरात कापडगिरण्या बंद पडत गेल्या. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल हे त्यातले सर्वांत ओळखीचे नाव. विडी कारखान्यांतले काम अपुरे आणि मजुरी तुटपुंजी. अशा शहरात घरबसल्या किंवा गटात मिळणारे भाकरीचे काम हजारो बायांना आधाराचे वाटते. ‘उद्योगवर्धिनी’सारख्या संस्थेने सोलापुरात बायकांना शिवणकामाबरोबर खाद्यपदार्थ बनवण्याच्या कामातही उभे केले.

मात्र जे यंत्राला अडवते तेच वाढीलाही अडवते. मागणी दुप्पट झाली तर हात दुप्पट लागतात, आणि शंभर हातांनी केलेली भाकरी शंभर जाडीची होते. यावरचे एक उत्तर मुंबईत साठ वर्षांपूर्वीच सापडले होते. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. त्यांची रीत साधी होती. पीठ केंद्रावर एकाच प्रमाणात मळले जाते, लाट्या घरी नेऊन पापड लाटले जातात, दुसऱ्या दिवशी परत आणलेला माल तपासून घेतला जातो. लाटणारे हात हजारो, पण पीठ एक आणि तपासणी एक. भाकरीच्या गटांना हेच करता येते : ज्वारी एकत्र घ्यायची, दळण एकाच चक्कीवर, थापणे घरोघर, आणि शेवटची वाळवण व बांधणी पुन्हा एका जागी. चव बिघडते ती बहुतेक वेळा धान्यात, दळणात आणि वाळवणीत. थापणारीचा हात चुकतो तो क्वचित.

सीमेपलीकडच्यांनी हे ओळखले आहे. विजयपूर आणि कलबुर्गीत ज्वारीची कडक रोटी सोलापूरइतकीच जुनी आहे. कलबुर्गीच्या जिल्हा प्रशासनाने अलीकडे बचत गटांना एकत्र करून ‘कलबुर्गी रोट्टी’ या एकाच नावाखाली माल विकायला सुरुवात केली. कलबुर्गी सोलापूरपासून रेल्वेने दोनेक तासांवर. म्हणजे सोलापूरच्या भाकरीचा खरा प्रतिस्पर्धी मुंबईतला ब्रेडचा कारखाना नसून हाकेच्या अंतरावरचा, तीच ज्वारी खाणारा जिल्हा आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केल्यापासून शहरांत ज्वारीला नवे गिऱ्हाईक मिळाले. काहींना गहू चालत नाही, काहींना साखर सांभाळायची असते. या गिऱ्हाइकाला विकताना एक छोटी गोष्ट मोठी ठरते. पुड्यावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचे तर भारतीय नियमांनुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. ज्या चक्कीवर आधी गहू दळला त्याच चक्कीवर ज्वारी टाकली तर ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे फक्त ज्वारीसाठी राखलेली एक चक्की हा वरवर साधा खर्च प्रत्यक्षात नव्या बाजाराचे दार उघडतो.

चटणी : खवटपणाशी लढाई

चटणीचे गणित वेगळे. इथे यंत्र चालते, माल महिनोन्महिने टिकतो, लांब पाठवता येतो. दाणा सोलापूरचाच असावा असेही नाही. देशात सर्वाधिक भुईमूग गुजरातेत पिकतो आणि तोही दाणा इथल्या भट्टीत येतो. मग ‘सोलापुरी’पण कशात? भाजण्यात आणि कुटण्यात.

दाणा मंद आचेवर आतपर्यंत भाजला की त्याचा खमंग वास सुटतो. घाईने भाजला तर वरून डाग पडतात आणि आत कच्चेपणा राहतो. साल काढून तिखट-मीठ-लसणाबरोबर तो कुटला जातो. कुटताना दाण्यातले तेल बाहेर येते आणि चटणीला तो ओलसर, गोळा होऊ पाहणारा पोत येतो. तेच मिश्रण झटपट मिक्सरमध्ये फिरवले की कूट कोरडे, भुकटीसारखे होते, किंवा पात्याच्या उष्णतेने पार पेस्ट. नसले यांच्यासारखी चटणीची जुनी सोलापुरी नावे लोकांच्या तोंडी राहिली ती या पोतामुळे. कांडप यंत्राने उखळाची जागा घेतली तरी ठोका उखळासारखाच ठेवावा लागतो. पुण्यात चितळ्यांनी बाकरवडी यंत्रावर नेली, तेव्हा प्रश्न हाच होता : वेग वाढवायचा, पण जिभेला बदल कळू द्यायचा नाही. यंत्र कोणते घेतले, त्यापेक्षा कोणती पायरी यंत्राकडे द्यायची आणि कोणती नाही, हा निर्णय महत्त्वाचा ठरतो.

जे तेल चव देते तेच चटणीचा घातही करते. शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मे तेल असते. कुटल्यावर ते हवेला उघडे पडते, प्राणवायू लागतो, प्रकाश आणि उन्हाळ्याची धग मदत करते, आणि काही आठवड्यांत चटणी खवट होते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना पत्र्याच्या गोदामातला पुडा किती टिकेल? साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून हवा हळूहळू आत झिरपते. धातूचा थर असलेली पिशवी प्रकाश आणि हवा अडवते. पिशवीतली हवा काढून नायट्रोजन भरला तर आयुष्य आणखी वाढते. लसणाचा ओलावा नीट गेला नसेल तर मात्र कोणतीही पिशवी बुरशी थांबवू शकत नाही.

या खर्चाला बरेच जण कचरतात. एक नमुना हिशेब मांडून पाहू; आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण समजायला पुरेसे. समजा, १०० किलो दाणे १२० रुपये दराने घेतले : १२,००० रुपये. भाजून, साल काढून आणि निवडून ९२ किलो उरले. त्यात १० किलो तिखट, लसूण, जिरे, मीठ पडले, २,००० रुपयांचे. हाती आली १०२ किलो चटणी, किलोला साधारण १३७ रुपये. मजुरी आणि इंधन २५, पिशवी आणि खोके २० धरले तर किलोला १८२. दुकानदाराला २३० रुपयांनी दिली, तर १०० किलोमागे ४,८०० रुपये सुटतात. आता यातली फक्त ५ किलो चटणी खवट म्हणून परत आली. पाच किलोंचे १,१५० रुपये गेले, म्हणजे नफ्याचा चौथा हिस्सा. परतीचे भाडे आणि रुसलेले गिऱ्हाईक वेगळेच. उलट दाणे खरेदी करताना तासभर घासाघीस करून किलोमागे दोन रुपये वाचवले असते, तर १०० किलोमागे २०० रुपये वाचले असते.

लहान उद्योजकाची बहुतेक शक्ती त्या दोनशे रुपयांत खर्च होते, आणि अकराशे पन्नासकडे लक्ष जात नाही.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसत नाही. भुईमुगावर येणारी ॲस्परजिलस फ्लेवस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. पिकाच्या शेवटच्या टप्प्यात पाण्याचा ताण पडला किंवा काढणीनंतर शेंगा दमट राहिल्या की ती फोफावते. भाजल्याने हे विष कमी होते, पण पूर्ण जात नाही. युरोपीय संघ थेट खाण्याच्या शेंगदाण्यात किलोमागे ४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन चालवून घेत नाही. भारतातली मर्यादा याहून सैल आहे. त्यामुळे देशात बिनबोभाट विकला जाणारा माल तिकडच्या बंदरातून परत येऊ शकतो. यावर उपाय महागडे नाहीत. सुरकुतलेले, काळपट, फुटके दाणे निवडून बाजूला काढले की विषाचा मोठा भाग त्यांच्याबरोबरच जातो. निवडणाऱ्या बाईची नजर इथे प्रयोगशाळेइतकी मोलाची ठरते. तिला ताटातले वजन पाहून मजुरी द्यायची की निवडीचा दर्जा पाहून, हा प्रश्न मालकाने स्वतःला विचारायला हवा.

तिखटाचेही तसेच. ब्याडगी मिरची रंगासाठी, तेज मिरची तिखटपणासाठी. दोन्हींचे प्रमाण वर्षभर एकसारखे ठेवायचे तर नवी मिरची बाजारात येते तेव्हाच वर्षाची बेगमी करून शीतगृहात ठेवावी लागते. दर महिन्याला जो माल स्वस्त तो घेणाऱ्याची चटणी जानेवारीत लाल आणि ऑगस्टमध्ये विटकरी दिसते. पहिल्यांदा गिऱ्हाईक चवीसाठी येते. दुसऱ्यांदा ते मागच्या वेळचीच चव मिळावी म्हणून येते.

डाळिंब आणि बेदाणा : भांडवलाचा खेळ

सोलापूरच्या डाळिंबालाही भौगोलिक मानांकन आहे. केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र काम करते आणि तिथल्या ‘सोलापूर लाल’ या लोह-जस्तयुक्त वाणाचे नाव देशभर गेले. सांगोल्याच्या डाळिंबांनी तर रेल्वेच्या इतिहासातही जागा मिळवली : देशातली शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली.

इतका कच्चा माल दारात असताना डाळिंबाच्या रसाचा कारखाना गल्लोगल्ली का नाही? कारण इथे हाताचे कौशल्य पुरत नाही. उन्हाने भाजलेले, तडकलेले किंवा तेल्या रोगाच्या डागांचे फळ बाजारात पडेल भावाला जाते, जरी आतले दाणे अनेकदा चांगले असले तरी. पण त्याचा रस काढून टिकवायचा तर दाणे सोडवणारे यंत्र, पाश्चरीकरण, निर्जंतुक भरणी, शीतगृह एवढे सगळे लागते. ही यंत्रे हंगामाचे काही महिने चालतात आणि उरलेले महिने बँकेचे व्याज तेवढे चालू राहते. दुसऱ्या बाजूला, घट्ट रस पिंपांतून विकत घेऊन बाटलीत भरणारी मोठी कंपनी असते. तिच्याशी भावात भिडणारा लहान उद्योग बहुधा दोन-तीन हंगामांत दमतो.

टिकतात ते दोन प्रकारचे. एक, जे साखळीतली एकच कडी पकडतात. फळ घ्यायचे, दाणे सोडवायचे, थंड ठेवून हॉटेलांना किंवा मोठ्या उद्योगाला द्यायचे. बाटली, ब्रँड, जाहिरात दुसऱ्याची. दोन, जे एकाच यंत्रावर वर्षभर काम आणतात : डाळिंब संपले की पेरू, मग लिंबू, मग बार्शीच्या बाजारातली चिंच. यंत्र किती मोठे आहे याहून ते वर्षातले किती दिवस फिरते, यावर परतफेड ठरते.

बेदाण्याने या कोड्याला शेतावरच उत्तर शोधले. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेस द्राक्षातून ‘सोनाका’ हे लांब मण्यांचे वाण निवडले आणि जिल्ह्याचे नाव द्राक्षशेतीत कायमचे नोंदवले. पंढरपूर तालुक्यातल्या कासेगाव परिसरात द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. ताजी द्राक्षे व्यापारी सांगेल त्या दिवशी द्यावी लागतात. बेदाणा शीतगृहात ठेवून पंढरपूर, तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यात मनासारख्या दिवशी काढता येतो. प्रक्रियेने मालाला भाव मिळतो तो बराचसा या थांबण्याच्या ताकदीमुळे. अवकाळी पाऊस शेडवर आला की मात्र सगळे गणित कोसळते.

नावाची राखण

‘सोलापुरी’ हा शब्द कोणाच्या मालकीचा? पुण्यात बांधलेल्या चटणीच्या पुड्यावरही तो असतो. त्यांतल्या कोणी तेलकट, खवट माल विकला तर नाव सोलापूरचे जाते आणि नफा विकणाऱ्याचा राहतो.

इटलीतल्या पार्मा परिसरातल्या चीज बनवणाऱ्यांनी या दुखण्यावर १९३४ साली संघ काढला. आज सुमारे तीनशे लहान-मोठ्या दुग्धशाळा ‘पार्मिजानो रेज्जानो’ नावाचे चीज बनवतात. प्रत्येक चाक साधारण ४० किलोचे, किमान १२ महिने मुरवलेले; मुदत भरल्यावर संघाचा तपासनीस त्यावर छोटी हातोडी वाजवून आवाज ऐकतो आणि मगच शिक्का बसतो. जे चाक नापास होते त्यावरच्या खुणा खरवडून काढतात. दुग्धशाळा आपापसात स्पर्धा करतात, पण नावाची राखण एकत्र करतात.

आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ सालचा, लागू झाला २००३ पासून. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते. त्यातली महत्त्वाची तरतूद अशी की मानांकन मिळाल्यावर प्रत्येक उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करायची असते. नोंद न करता फक्त बातमीचे कात्रण चौकटीत लावले तर त्या मानांकनाचा भावात एक रुपयाही फरक पडत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणून भाकरी विकायची तर ती ज्वारी खरोखर मंगळवेढ्याची आहे हे दाखवणारी पावती, पोत्यावरची खूण आणि ते तपासणारा कोणीतरी हवा.

हातातला पैसा

दाणे, मिरची, ज्वारी यांची काढणी वर्षातून ठरावीक आठवड्यांत होते. त्या आठवड्यांत ज्याच्या हाती रोकड असते तो चांगला माल निवडून घेतो. बाकीच्यांना वर्षभर किरकोळ भावाने उरलेला माल घ्यावा लागतो. त्यामुळे यंत्रासाठीच्या कर्जाइतकीच, किंबहुना जास्त, गरज खेळत्या भांडवलाची असते. आणि नेमके तेच मॉलच्या शेल्फवर अडकून पडते. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. २०२४ पासून आयकराची मेखही बसली : मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. हा लाभ घ्यायचा तर उद्यम नोंदणी आणि तारीख असलेले पक्के बिल हाती असावे लागते. तोंडी व्यवहार करणारा कायद्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

कागदपत्रांना लोक त्रास समजतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या नियमांनी १२ लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला साधी नोंदणी पुरेशी ठरवली, शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये. पुड्यावर चौदा आकडी क्रमांक, तयार केल्याची तारीख, निव्वळ वजन, किंमत, पत्ता हवा. शेंगदाणा ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांत मोडतो, म्हणून तशी सूचनाही छापावी लागते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला चटणी पाठवायची तर तिथेही शेंगदाण्याचा उल्लेख सक्तीचा आहे. इथे लेबल नीट छापण्याची सवय लागलेल्या घराला निर्यातीचे कागद परके वाटत नाहीत.

सूक्ष्म उद्योगांच्या त्या केंद्रीय योजनेत यंत्रसामग्रीच्या खर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले होते. त्यासाठी अर्जांची रीघ लागली. त्याच योजनेतली दुसरी तरतूद कमी चर्चेत राहिली : गट, सहकारी संस्था किंवा शेतकरी कंपन्यांच्या सामाईक सुविधांसाठी ३५ टक्के, तीन कोटींपर्यंत, आणि एकत्रित ब्रँडसाठी निम्मा खर्च. दहा घरांनी दहा भट्ट्या घेतल्या तर दहाही महिन्यातले निम्मे दिवस थंड राहतात. दहा घरांनी मिळून एक रंग ओळखणारे निवडयंत्र, एक नायट्रोजन भरणी आणि अफ्लाटॉक्सिन तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा उभारली, तर प्रत्येकाची चव वेगळी ठेवूनही सगळ्यांचा दर्जा एका पायरीने वर जातो.

म्हणून सोलापूरच्या चटणीवाल्यांनी आणि भाकरीच्या गटांनी पुढचे कर्ज आणखी एका भट्टीसाठी काढण्याआधी सामाईक तपासणी आणि भरणीचे केंद्र उभे करावे, हंगामातली खरेदी एकत्र करावी आणि ‘सोलापुरी’ नावासाठी किमान अटी आपसांत ठरवून त्या मोडणाऱ्याला बाहेर ठेवावे. गिऱ्हाइकाचाही यात वाटा आहे. पुढच्या वेळी चटणीचा पुडा हातात घ्याल तेव्हा भाव विचारण्याआधी मागची बाजू वळवून तयार केल्याची तारीख, पत्ता आणि चौदा आकडी क्रमांक पाहा, आणि ते नसतील तर पुडा परत ठेवा.